ब्लॅक अँड व्हाइट स्लाइड घरी डेव्हलप करतोय, पण पांढरा भाग राखाडी येतोय. नाशिकच्या उन्हाळ्यात कोणी केलंय का?

गोदाकाठ_३५

नमस्कार मंडळी, मी पंचवटीत राहतो, ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह घरी धुतो ते आता बऱ्यापैकी जमतंय, पण मला निगेटिव्ह नकोय, स्लाइड हवीये, म्हणजे फिल्मवरच सुलटं, पॉझिटिव्ह चित्र. आजोबांचा स्लाइड प्रोजेक्टर अजून चालू कंडिशनमधे आहे आणि २०२७ चा सिंहस्थ यायच्या आत गोदाघाट जसा आत्ता दिसतो तसा स्लाइडवर धरून ठेवायचाय, रामकुंड, दुतोंड्या मारुती, नारोशंकराची घंटा, सराफ बाजारातले जुने वाडे, आणि ते सगळं भिंतीवर मोठं करून घरच्यांना दाखवायचंय. स्कॅन करून मोबाइलवर बघायला मजा नाही येत.

फिल्म एफपी४ प्लस, ३५ एमएम. पहिला डेव्हलपर म्हणून घरी बनवलेला डी-७२, १+३, ८ मिनिटं, मग पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक ॲसिडचा ब्लीच, मग मेटाबायसल्फाइट, मग लाइट लावून फिल्म दोन्ही बाजूंनी एक्स्पोज, परत तोच डेव्हलपर, शेवटी फिक्सर. चित्र पॉझिटिव्ह येतंय, काळाराम मंदिराचा दगड मस्त काळा येतोय, पण आकाश, धोतरं, पाण्यावरची चमक, जे जे पांढरं यायला हवं ते सगळं राखाडी, जणू वरून कोणीतरी पातळ पडदा टाकलाय. आणि दुसरं म्हणजे परफोरेशनच्या (फिल्मच्या कडेच्या भोकांच्या) बाजूला इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, सुरकुततंय, एका ठिकाणी तर सुटूनच आलं. नळाचं पाणी आत्ता दुपारी ३० च्या आसपास असतं, ब्लीच साध्या नळाच्या पाण्यातच बनवलेला.

विचारायचं हे की राखाडी कशामुळे, ब्लीच कमी पडतोय की फिल्मच चुकीची आहे? फोमापॅन आर१०० मागवावी का? आणि ॲसिड तुम्ही लोक कुठून आणता, दुकानदार द्यायला तयार नसतो.

हायपोवाले_काका

अरे वा, नाशकात कोणीतरी रिव्हर्सल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फिल्मवरच थेट पॉझिटिव्ह, करतंय हे वाचूनच बरं वाटलं. सविस्तर लिहितो, कारण या राखाडीपाशी येऊन बरेच जण नाद सोडून देतात आणि ब्लीचला दोष देतात, आणि दहातल्या नऊ वेळा ब्लीचचा काही संबंधच नसतो.

आधी काय होतं ते नीट समजून घे. कॅमेऱ्यात जिथे भरपूर उजेड पडला तिथली सिल्व्हर हॅलाइड (उजेडाला संवेदनशील असा चांदीचा क्षार) पहिल्या डेव्हलपरमधे काळी चांदी होते. ब्लीच ती चांदी विरघळवून काढून टाकतो. मागे जी हॅलाइड उरते, म्हणजे जिथे कमी उजेड पडला होता ती, तिला तू लाइट दाखवून दुसऱ्या डेव्हलपरमधे काळी करतोस. म्हणजे तुझी स्लाइड ही पहिल्या डेव्हलपरने जे सोडून दिलं त्यातून बनलेली आहे. आता आकाशाच्या जागी पहिल्या डेव्हलपरने सगळी हॅलाइड खाल्ली नाही, थोडी तशीच राहिली, तर ती थोडी पुढे जाऊन काळी होणार आणि पांढऱ्यावर राखाडी थर बसणार. तुझा पडदा बहुतेक हाच.

फिल्मवर निगेटिव्हला लागते त्यापेक्षा जास्त हॅलाइड असते, साधा डेव्हलपर ती सगळी संपवत नाही. म्हणून पहिल्या डेव्हलपरमधे थोडा हायपो, म्हणजे फिक्सरमधलं सोडियम थायोसल्फेट, टाकतात. ऐकायला विचित्र वाटतं, डेव्हलपरमधे फिक्सर, पण तेच करायचं असतं. इल्फर्डच्या रिव्हर्सलच्या कागदात पीक्यू युनिव्हर्सल डेव्हलपर १+५, २० डिग्रीला १२ मिनिटं आणि त्यात लिटरला साधारण ८ ते १२ ग्रॅम हायपोचे खडे असं आहे. कोडॅकचा जुना सिने रिव्हर्सलचा डेव्हलपर डी-६७ म्हणजे डी-१९ मधे लिटरला २ ग्रॅम थायोसायनेट, काम तेच. हायपो डेव्हलपिंग चालू असतानाच हॅलाइड हळूहळू विरघळवतो आणि हायलाइटमधला उरलासुरला थर जातो. तुझा डी-७२ चालेल, फक्त १+३ फार पातळ आहे, १+१ कर, २० डिग्रीला १० ते १२ मिनिटांपासून सुरू कर, लिटरला १० ग्रॅम हायपो. हायपो आयत्या वेळी टाकायचा आणि ते द्रावण एकदाच वापरायचं. दुसऱ्या डेव्हलपरमधे हायपो अजिबात नको, तिथे साधा ताजा डेव्हलपर.

पण माझ्यावर विश्वास ठेवून नको करू, टेस्ट कर, एक तुकडा फिल्मचं काम आहे. रोलचा लीडर, म्हणजे सुरुवातीची पट्टी, कापतोस तो उजेडात पूर्ण जळलेला असतो. त्याचे दोन तुकडे कर. दोन्ही पहिल्या डेव्हलपरमधून, ब्लीचमधून, मेटाबायसल्फाइटमधून काढ. मग एक तुकडा दुसऱ्या डेव्हलपरमधे टाक आणि दुसरा थेट फिक्सरमधे. डेव्हलपरमधला राखाडी झाला आणि फिक्सरमधला काचेसारखा साफ झाला तर ती उरलेली हॅलाइड होती, म्हणजे पहिला डेव्हलपर कमी पडला. फिक्सरमधलाही राखाडीच राहिला तर ती न विरघळलेली चांदी आहे, मग ब्लीच कमजोर. आणि शेजारी एक न वापरलेला कोरा तुकडा नुसता फिक्स करून ठेव, त्याच्यावरून कळेल की फिल्मच्या बेसचा स्वतःचा रंग किती आहे, त्यापेक्षा पांढरं तुला कधीच मिळणार नाही.

फिल्मचं म्हणशील तर एफपी४ वाईट नाही. एचपी५, ट्राय-एक्स यांचा ३५ एमएमचा बेस जास्त करडा असतो, त्या स्लाइडला नकोच. फोमापॅन आर१०० ही चेक कंपनी मुद्दाम रिव्हर्सलसाठीच बनवते, बेस स्वच्छ आहे आणि इमल्शनखाली चांदीचाच अँटीहॅलेशन (उजेड मागून परत येऊ न देणारा) थर असतो जो ब्लीचमधेच निघून जातो, म्हणून ती निगेटिव्ह म्हणून धुतली तर घाण दिसते. आपल्याकडे पूर्वी आग्फाची स्काला होती, २०० ची, काय स्लाइड यायच्या तिच्या, पण ती ठराविक लॅबमधेच धुवून मिळायची आणि २००५ मधे आग्फाफोटोचं दिवाळं वाजलं तेव्हा तीही गेली. आता ॲडॉक्सने स्काला नावाने फिल्म आणि घरी धुवायचं किट काढलंय. पण आधी एफपी४ वरच हात बसव, महागाची फिल्म मागवून प्रॉब्लेम सुटणार नाही.

रसायनवाली_ताई

काकांनी डेव्हलपरचं सांगितलं, मी ब्लीचबद्दल लिहिते कारण मला तुझ्या पोस्टमधे तेच वाचून काळजी वाटली. मी केमिस्ट्री शिकवते, नाशिकरोडला, आणि स्वतः स्लाइड करते.

ॲसिड. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ॲसिड विकताना दुकानदाराला ओळखपत्र, पत्ता आणि कारण नोंदवावं लागतं, त्यामुळे तो का कू करतो ते बरोबरच आहे, आधार घेऊन जा, कारण सांग. नाहीतर बॅटरीवाल्याकडे बॅटरीचं ॲसिड मिळतं, तेही सल्फ्युरिकच, आधीच पातळ केलेलं. कॉन्सन्ट्रेटेड २० मिली लागत असेल तिथे बॅटरीचं साधारण चौपट घ्यावं लागतं. मला तर तेच बरं वाटतं, घरात कॉन्सन्ट्रेटेडची बाटली ठेवायची वेळच येत नाही. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही वापरू नकोस, ते हायड्रोक्लोरिक असतं, परमँगनेटबरोबर त्यातून क्लोरीन गॅस निघतो, बंद बाथरूममधे जिवावर बेतेल. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमधे पाणी नाही, गॉगल आणि हातमोजे घालूनच, लहान मूल घरात असेल तर सगळं कुलपात.

प्रमाण मी असं ठेवते. एका बाटलीत लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम परमँगनेट, दुसऱ्या बाटलीत लिटरभर पाण्यात २० मिली कॉन्सन्ट्रेटेडइतकं ॲसिड, वापरायच्या आधी समसमान मिसळायचं, ५ मिनिटं, मग फेकून. मिसळलेला ब्लीच टिकत नाही. परमँगनेटची बाटली ब्राऊन काचेची हवी आणि पूड पूर्ण विरघळल्याशिवाय वापरू नकोस, कण राहिला तर फिल्मवर भोक पडल्यासारखा डाग पडतो.

आणि ब्लीचसाठी नळाचं पाणी बंद कर. पाण्यात क्लोराइड असेल तर ब्लीच झालेली चांदी विरघळून जाण्याऐवजी परत सिल्व्हर क्लोराइड होऊन तिथेच बसते आणि दुसऱ्या डेव्हलपरमधे काळी होते. म्हणजे तुझ्या राखाडीला हाही हात लागलेला असू शकतो, आणि गंमत म्हणजे काकांच्या टेस्टमधे हा तुकडा फिक्सरमधे साफच होईल आणि दोष डेव्हलपरवर जाईल. म्हणून टेस्टच्या आधी ब्लीच डिस्टिल्ड वॉटरमधे बनव, पेट्रोल पंपावर कॅन मिळतात, आणि ब्लीचच्या आधीचं शेवटचं धुणंही त्यातच कर.

सुरकुत्या तापमानाच्या. आम्लातला परमँगनेट जिलेटिन मऊ करतो, ३० डिग्रीला तर ते हाताला बुळबुळीत लागतं, आणि सगळ्यात जास्त ओढ बसते परफोरेशनच्या कडेला. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा १८ ते २० मधे ठेव, एका थंड आणि एका गरम असं तर मुळीच नको. मोठ्या घमेल्यात बर्फाचं पाणी आणि त्यात सगळ्या बाटल्या अर्धा तास आधी. धुण्याचं पाणी बादलीत आदल्या रात्री बर्फ टाकून तयार ठेवते मी, नळाखाली धरायचं नाही. खरं तर स्लाइडचा आपला सीझन डिसेंबर-जानेवारी, निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हा सकाळचं नळाचं पाणीच इतकं गार असतं की उलट कोमट करावं लागतं. ब्लीचनंतर फिल्म रीळवरून काढून परत चढवू नकोस, बोट लावू नकोस, फिक्सर होईपर्यंत इमल्शन फार नाजूक असतं.

मेटाबायसल्फाइट लिटरला २५ ग्रॅम, २ मिनिटं. नाशकात हे मिळायला अडचण नाही, वायनरीवाल्यांना माल पुरवणाऱ्यांकडे पोटॅशियमचं मिळतं, तेही चालतं. द्राक्षाच्या एक्स्पोर्ट पेटीत ग्रेप गार्डचा कागद टाकतात ना, त्यात हेच सोडियमचं असतं. खिडकी उघडी ठेव, वास नाकात जातो. या स्टेपला टाकीचं झाकण उघडून बघ एकदा. ब्लीचमधून फिल्म निघते तेव्हा तपकिरी चिखलासारखी असते, मँगनीज डायऑक्साइडचा तो रंग, आणि मेटाबायसल्फाइट ओतलं की काही सेकंदांत कडेपासून आत तो रंग उतरत जातो आणि खाली सायीच्या रंगाची फिल्म राहते, त्यात नीट बघितलं तर फिकट पिवळसर चित्र दिसतं, पॉझिटिव्ह. तपकिरी डाग राहिला तर तेवढी जागा अजून धुवायची बाकी आहे असं समज.

शेवटचं, वापरलेला ब्लीच तसाच मोरीत ओतू नकोस, आपल्याकडचं सगळं सरतेशेवटी गोदावरीतच जातं. उरलेलं मेटाबायसल्फाइट त्यात ओतत राहा जांभळा रंग पूर्ण जाईपर्यंत, मग थोडा थोडा धुण्याचा सोडा, फेस यायचा थांबेपर्यंत. फिक्सर वेगळ्या कॅनमधे साठव, त्यात चांदी असते.

निगेटिव्हच_बरा

भाऊ, एवढा खटाटोप कशाला पण. साधा निगेटिव्ह धुवायचा, मग अंधारात दुसऱ्या फिल्मवर काँटॅक्ट करून पॉझिटिव्ह काढायचा. सिनेमाच्या प्रिंट तशाच निघायच्या, आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनीही निगेटिव्हवरूनच प्रिंट काढल्या. ॲसिड नाही, परमँगनेट नाही, एक्स्पोजर चुकलं तर कॉपी करताना सुधारता येतं आणि ओरिजिनल सुरक्षित. रिव्हर्सलमधे एक रोल बिघडला की सगळं गेलं, आणि घाटावरचा तो क्षण काही परत येत नाही.

हायपोवाले_काका

मुद्दा बरोबर आहे आणि ज्याला एकाच्या दहा कॉपी हव्यात त्याने तेच करावं. १९२३ मधे कोडॅकने घरगुती १६ एमएम सिनेमा काढला तेव्हा रिव्हर्सल का निवडलं, तर हौशी माणसाला एकच कॉपी हवी असते आणि दुसऱ्या फिल्मचा खर्च वाचतो. शिवाय ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, बघ. निगेटिव्हवरून कॉपी केली की निगेटिव्हचा ग्रेन आणि वर कॉपी फिल्मचा, असा दुहेरी. रिव्हर्सलमधे मोठे, जास्त संवेदनशील कण आधी डेव्हलप होऊन ब्लीचमधे निघून जातात आणि चित्र मागे राहिलेल्या बारीक कणांचं बनतं, म्हणून चांगली स्लाइड पडद्यावर इतकी गुळगुळीत दिसते. आणि जी फिल्म रामकुंडावर कॅमेऱ्यात होती तीच भिंतीवर दिसते, मला तरी याचं मोल वाटतं.

सिन्नरकर

मी केमिकलमधला नाही, धुवून दुसऱ्याकडून घेतो, पण एक्स्पोजरबद्दल सांगतो कारण पहिल्या पोस्टमधे त्याचा उल्लेखच नाही आणि स्लाइडमधे अर्धं यश तिथे आहे. निगेटिव्हला आपण सावलीला मोजतो, स्लाइडला हायलाइटला मोजायचं. जास्त झालं की तिथे चांदीच उरत नाही, नुसती पारदर्शक फिल्म, मग काही केलं तरी परत येत नाही. सूट अर्ध्या स्टॉपच्या आतच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

काळारामसारख्या काळ्या दगडाच्या देवळात कॅमेऱ्याचा मीटर फसतो. त्याला सगळं मधलं राखाडी हवं असतं, म्हणून तो दगडाला उजळ करायला बघतो आणि समोर पांढऱ्या कपड्यातला माणूस असेल तर तो जळतो. आमच्या सिन्नरला गोंदेश्वराला दुपारी हेच होतं, कोरीव काम सावलीत आणि वर आकाश पांढरंफट. हातातला इन्सिडंट मीटर असेल तर त्याच उजेडात धरून रीडिंग घ्यायचं, दगड काळा की पांढरा याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. स्पॉट मीटर असेल तर ज्या पांढऱ्यात डिटेल हवं, समजा धोतराच्या चुण्या, त्यावर धरून तिथून दीड-दोन स्टॉप उघडायचं. रामकुंडावर सूर्य वर आला की पाण्याची चमक आणि घाटाच्या पायऱ्यांमधला फरक स्लाइडच्या आवाक्याबाहेर जातो, म्हणून एकतर कोवळ्या उन्हात जा नाहीतर पावसाळ्यात ढगाळ दिवशी. पूर आला की सगळे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं ते बघायला जमतात ना, तो उजेड स्लाइडला अगदी योग्य, मऊ आणि सगळीकडे सारखा. लाल फिल्टर नको, कॉन्ट्रास्ट आधीच भरपूर असतो, ढगांसाठी पिवळा पुरतो.

गोदाकाठ_३५

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी डिस्टिल्ड वॉटरचा ब्लीच केला, मग लीडरची टेस्ट. डेव्हलपरमधला तुकडा राखाडीच, पण आधीपेक्षा फिका, आणि फिक्सरमधला एकदम साफ, कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवला तर फरक कळत नाही. म्हणजे पाण्याचाही वाटा होता आणि बाकीचं पहिल्या डेव्हलपरचं. मग डी-७२ १+१ करून हायपो टाकला, २० डिग्रीला १२ मिनिटं, बर्फाचं घमेलं, आणि काल रात्री दोरीवर ओली फिल्म लटकत होती तिच्यातून पलीकडचा ट्यूबलाइट दिसत होता, नारोशंकराच्या घंटेमागचं आकाश असं स्वच्छ आलंय. कडा पण शाबूत. वाळल्यावर काळा थोडा पातळ वाटतोय, घंटा जितकी काळी हवी तितकी नाही. हे हायपोमुळे का? आणि दुसऱ्यांदा लाइट किती दाखवायचा नक्की, मी एलईडी बल्बखाली दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट फिरवली.

अजून एक, प्रोजेक्टरमधे लावली तर पहिल्या काही सेकंदांत फोकस आपोआप सुटतो, रंगीत स्लाइडला एवढं होत नाही.

हायपोवाले_काका

आकाश साफ आलं हे वाचून फार आनंद झाला रे.

काळा पातळ म्हणजे आता पहिला डेव्हलपर थोडा जास्त झाला. लक्षात ठेव, स्लाइडमधे सगळं उलटं, पहिल्या डेव्हलपरमधे जास्त वेळ म्हणजे स्लाइड उजळ, कमी वेळ म्हणजे गडद. हायपोही सावलीतली हॅलाइड थोडी खातोच. आधी हायपो १० वरून ८ ग्रॅम कर, वेळ तीच ठेव, एका वेळी एकच गोष्ट बदल. तरी पातळ वाटला तर वेळ मिनिटाने कमी.

दुसऱ्या लाइटचं टेन्शन घेऊ नको, तिथे कमी पडलं तर प्रॉब्लेम, थोडा जास्त झाला तर नाही, कारण आपल्याला उरलेलं सगळंच काळं करायचंय. एलईडी असेल तर एकेका बाजूला दोन मिनिटं दे, फिल्म रीळवरच ठेवून पांढऱ्या भांड्यात पाण्याखाली फिरव म्हणजे आतल्या वेटोळ्यापर्यंत उजेड जातो. थेट उन्हात मात्र धरू नको. जुना पिवळा बल्ब वापरणार असशील तर ओल्या हाताने जवळ नेऊ नको, थेंब उडला तर काच फुटते. दुसरा डेव्हलपर पूर्ण होऊ दे, ६ मिनिटं, तिथे घाई केली तरी काळा पातळ राहतो.

फोकसचं कारण असं की रंगीत स्लाइडमधे शेवटी चांदी नसते, नुसते डाय असतात आणि ते दिव्याची उष्णता बरीचशी आरपार जाऊ देतात. तुझ्या स्लाइडमधे खरी चांदी आहे, ती उष्णता शोषते, फिल्म तापून फुगते आणि फोकसमधून बाहेर जाते. गडद स्लाइडला जास्त होणार, तुझ्या काळाराममधे तर नक्की. प्रोजेक्टरच्या आतली उष्णता अडवणारी काच जागेवर आहे का ते आधी उघडून बघ, जुन्या मशीनमधून बऱ्याचदा कोणीतरी काढून टाकलेली असते. ती नसेल तर तोपर्यंत या स्लाइड लावूच नको. आणि काचेचे माउंट वापर, अँटी-न्यूटन (रंगीत वलयं न पाडणारी) काच एका बाजूला असलेले, त्यात फिल्म हलत नाही. फक्त पावसाळ्यात काचेत बंद करायच्या आधी फिल्म चांगली कोरडी पाहिजे, नाहीतर आत ओल अडकून बुरशी धरते, म्हणून आत्ताच, पाऊस सुरू व्हायच्या आत माउंट करून टाक.

रसायनवाली_ताई

आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. निळी असेल ती गुलाबी झाली की ओव्हनमधे किंवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येते, पण तो तवा मग स्वयंपाकाला नको.